जोडीतलं मागं राहिलेलं

माझी लेक एका लहानशा बेटावरच्या मेडिकल कॉलेजात शिकवते. हैदराबादहून निघालं की तीन विमानं बदलावी लागतात आणि दोन दिवस जातात. गेल्या वर्षी मी तिच्याकडं दोन महिने राहून आले. मी हुलसूरची. बीदर जिल्ह्यातल्या मराठी शाळांत तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर गुलबर्ग्याला घर केलं. ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हापासून त्या घरात मी एकटीच आहे. लेक दर रविवारी फोनवर म्हणायची, "आई, ये ना गं इकडं." शेवटी गेले.

बेट म्हटल्यावर मी नारळाची झाडं आणि हिरवं रान डोळ्यांपुढं आणलं होतं. उतरून बघते तर चैत्रातला आमचा माळ. निवडुंग, काटेरी झुडपं, पांढरी फुफाटा माती, आणि सगळ्याला वेढून निळं पाणी. पाऊस तिथं पाहुण्यासारखा येतो म्हणे.

लेक सकाळी सातला घर सोडायची, ती अंधार पडायच्या सुमारास यायची. मी मुगाची खिचडी टाकायची, कपडे वाळत घालायची, की दहा वाजताच दिवस संपायचा. दुपारी बाराला गुलबर्ग्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. फोन करावा तर कुणाला? मला मराठी येते, कन्नड येते, आमच्याकडची हैदराबादी उर्दू येते. तिन्ही भाषा तिथं कुचकामाच्या. इंग्रजी मी वाचते, पण बोलताना जीभ अडखळते. शेजारची बाई हात हलवून हसायची, मीही हसायची. एवढंच बोलणं. एकदा संध्याकाळी लेकीशी बोलायला तोंड उघडलं तर घसाच खरखरला. सकाळपासून त्यातनं शब्दच निघाला नव्हता.

तिच्या ते ध्यानात आलं असावं. पुढच्या शनिवारी म्हणाली, "आई, चल. इथं गाढवांचा आश्रम हाय, बघून येऊ."

"एवढं तीन विमानं बदलून आले, ते गाढवं बघायला व्हय?"

"चल तर खरं."

गाढव हा शब्द मी शाळेत किती पोरांना वापरला असेल याची गणती नाही. प्रत्यक्ष गाढवं मात्र लहानपणी हुलसूरलाच पाहिलेली. उन्हाळ्यात घरांच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, नवी माती टाकायची असे, तेव्हा ती गाढवांच्या पाठीवरून यायची. दोन्ही बाजूंनी गोणी लोंबायच्या आणि पाठीवर घासून घासून जखमा झालेल्या असायच्या. काम झालं की पुढचे दोन पाय दोरीनं एकत्र बांधून त्यांना सोडून द्यायचे. मग ती टुणूक टुणूक उड्या मारत उकिरड्याकडं जायची. आम्ही पोरं हसायचो. त्यांना कुणी पाणी ठेवल्याचं मला आठवत नाही.

बेटावरही तीच गत झाली होती. पूर्वी तिथली गाढवं मिठागरातलं मीठ वाहायची. ट्रक आले आणि मालकांनी त्यांना मोकळं सोडलं. पिढ्यान्‌पिढ्या ती झुडपांतून हिंडत राहिली. दुष्काळात तहानेनं मरायची, रस्त्यावर गाड्यांखाली यायची. मग काही लोकांनी तारेचं कुंपण घालून त्यांच्यासाठी ही जागा केली. आत पाण्याचे लांबलचक हौद होते, पत्र्याच्या सावल्या होत्या, आणि मोडक्या पायांची, आंधळी, म्हातारी अशी कितीतरी गाढवं होती.

तिथं काम करणारा एक उंच, काळासावळा, माझ्याच वयाचा माणूस आमच्याकडं आला. त्याचं नाव मला उच्चारता येईना, म्हणून मी त्याला अण्णा म्हणाले. "म्हणजे काय?" त्यानं विचारलं. लेकीनं सांगितलं, थोरला भाऊ. तो मोठ्यांदा हसला आणि माझ्या हातात एक ब्रश दिला. हवं असेल त्यानं गाढवांना खरारा करावा, असा तिथला रिवाज होता.

त्यानं मला एका जोडीपाशी नेलं. दोन्ही माद्या, दोन्ही म्हाताऱ्या. एक भुऱ्या रंगाची, दुसरी जवळजवळ काळी आणि एक कान फाटलेली. बरोबरच सापडल्या होत्या आणि तेव्हापासून एकमेकींना सोडत नव्हत्या. काळी पाण्याला गेली की भुरी मागोमाग. मी काळीच्या मानेवरून ब्रश फिरवला तशी धूळ उडाली, आणि माझ्या तोंडून निघालं, "किती मळलीस गं बाई!"

तिनं कान माझ्याकडं वळवला.

मग मी बोलतच राहिले. कुठली आहे, काय शिकवायची, गुलबर्ग्यात तुरीचा भाव काय चाललाय, काय वाटेल ते. लेक लांबून बघत होती. परतताना गाडीत म्हणाली, "आई, मी कॉलेजला जाताना तुला हितं सोडत जाऊ?"

तसं सुरू झालं. एक दिवसाआड ती मला फाटकाशी सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. मी हौद घासायची, वाळलेलं गवत पसरायची आणि त्या दोघींना खरारा करायची. अण्णा आणि मी फारसं बोलत नसू. जेवायच्या वेळी तो त्याच्या डब्यातलं तळलेलं केळं मला द्यायचा, मी त्याला माझ्या डब्यातला धपाटा द्यायची. पहिल्यांदा तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं दुसरा मागितला.

पाचव्या का सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी गेले तर अण्णा फाटकातच उभा होता. मला बघून त्यानं टोपी काढली. "काळी गेली," तो म्हणाला. "पहाटे. म्हातारपण."

मी आत गेले. काळी एका झाडाखाली आडवी होती, जशी पडली तशीच. भुरी तिच्या डोक्याशी उभी होती. मला वाटलं, आता गाडी येईल आणि काळीला नेतील. मी अण्णाला विचारलं, कधी नेणार?

"संध्याकाळी. आत्ता नाही."

"का?"

मला समजावं म्हणून तो सोप्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत बोलला. "हिला बघू दे. वास घेऊ दे. न दाखवता नेलं, तर ही शोधत राहते. फाटकाशी उभी राहते, ओरडते. खात नाही. कधीकधी तीही मरते. बघितलं, की कळतं. मग सोडते."

मी तिथंच खाली मातीत बसले.

माझ्या नवऱ्याला न्यायला रुग्णवाहिका आली तेव्हा मी स्वतः तापानं अंथरुणावर होते. खिडकीतून त्यांची पाठ दिसली. चालत गेले, हातात फोनचा चार्जर होता. नऊ दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. मला घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. धाकटे दीर गेले, आणि सगळं तिकडच्या तिकडं उरकलं. मी काहीच पाहिलं नाही. लेकीला तर विमानंच बंद होती. तेरावा झाला, फोटोला हार घातला, लोक भेटून गेले. पण चार्जर हातात घेऊन चालत गेलेला माणूस मेला, हे मला कुणीतरी सांगितलेलं होतं, तेवढंच.

भुरीनं आधी काळीचं तोंड हुंगलं. मग पुढच्या पायानं तिच्या खांद्याला हलकेच ढोसलं. पुन्हा ढोसलं. दातांनी तिची आयाळ धरून ओढून पाहिली. मग मान वर करून अशी ओरडली की साऱ्या कुंपणातली गाढवं जागच्या जागी थांबली. नंतर कितीतरी वेळ ती नुसती उभी होती. ऊन सरकलं तसं अण्णानं येऊन माझ्या डोक्यावर त्याची टोपी ठेवली आणि कामाला गेला. तीनच्या सुमाराला भुरी वळली, सावकाश हौदाकडं गेली आणि पाणी प्याली. परत आली नाही. तिथंच दुसऱ्या गाढवांजवळ उभी राहिली, थोडी लांब.

मग ट्रॅक्टर आला.

लेक न्यायला आली तेव्हा मी अजून त्या झाडाखालीच होते. ती धावत आली. "आई, काय झालं? कामून रडायलीस?"

मी तिला सांगितलं. आधी काळीचं सांगितलं. मग म्हणाले, "मला तुझ्या पप्पांना बघू द्यायला पायजे होतं गं. कुणीतरी. लांबून का होईना."

ती माझ्या शेजारी बसली आणि हातातला फोन फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई, माझ्याकडं हाय. काकानं फोटो पाठवलेला. तोंडावरचं प्लास्टिक दोन मिनिटं उघडलं होतं त्या लोकांनी. आईला दाखवू नको म्हणले काका, सोसणार न्हाई तिला. मी इथं एकटी बघितला. नंतर तुला कसं सांगावं, तेच कळंना."

"इतकी वर्षं तू एकटीच घेऊन बसलीस?"

"व्हय."

"दाखव."

"आई, बघ हां..."

"दाखव म्हणते ना."

तिनं दाखवला. रोज सकाळी नियमानं दाढी करणाऱ्या माणसाची दाढी वाढलेली होती, सगळी पांढरी. चष्मा नव्हता. नाकावर मास्कचा वळ होता. ओठ थोडे उघडे होते, झोपेत असायचे तसे. मी फोटो मोठा करून कपाळ पाहिलं, कान पाहिले. तेच होते. मी फोन तिला परत दिला, आणि तिथं, त्या मातीत, आम्ही दोघी पहिल्यांदा त्यांच्यासाठी एकत्र रडलो. एकमेकींना सावरायचं म्हणून फोनवर जे कोरडं बोलत आलो होतो, ते त्या दिवशी नव्हतं.

पुढं दोन आठवड्यांनी मी परतले. निघताना लेक म्हणाली, "रहा ना अजून." पण तिचं कॉलेज तिला होतं, आणि माझं जे काही आहे ते इकडंच आहे. ती आता कधी कधी शनिवारी गाढवांच्या आश्रमात जाते. भुरी खातेय, असं सांगते. बाकीच्यांपासून थोडी अलग राहते, पण खाते.

एक गोष्ट मी लेकीलाही सांगितलेली नाही. ते गेल्यानंतरची सगळी वर्षं मी गुलबर्ग्याच्या घरात त्यांच्याशी बोलत असे. गॅस बंद केलाय का बघा हो. दूधवाला आला वाटतं. आज वरण पातळ झालंय. वेड लागलं म्हणून नाही. ते कुठंतरी आतल्या खोलीत आहेत असं धरून चालायचं, एवढंच. परतल्यावर पहिल्या सकाळी चहा ठेवला, सवयीनं "अहो" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आतल्या खोलीत कुणी नाही हे आता मला माहीत होतं. बरं झालं की वाईट, अजून ठरवता आलेलं नाही. झोप शांत लागते. पण घरात आवाज म्हणून काही राहिला नाही. कपभर चहा गाळून मी खिडकीशी बसले. बाहेर शेजारीण कन्नडमध्ये कुणाला तरी हाका मारत होती.