नलूताईला न सांगितलेलं वाक्य

शाळेत तिसरा तास सुरू असताना आसेगावहून नलूताईच्या सुनेचा फोन आला. वर्गाबाहेर येऊन उचलला. "मॅडम, आई गेली… चहा मांडतो म्हणाली अन् चुलीपाशीच कोसळली." वाशीमच्या दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं होतं. हृदयविकार, असं डॉक्टर म्हणाले. महिना उलटून गेलाय. हृदयविकार या शब्दाआड लपायचा मी प्रयत्न करून पाहिला… जमत नाही.

माझं माहेर आणि नलूताईचं घर यांच्यात एकच भिंत. लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून तिनंच मला तिच्या वावरातल्या विहिरीत ढकललं आणि पोहायला शिकवलं. पुढं मी शिक्षिका होऊन मंगरूळपीरला आले, ती शेतात राहिली. मग गावातली एक मुलगी शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून घसरली आणि तिला वर येता आलं नाही. त्यानंतर पन्नाशी गाठलेल्या नलूताईनं गावच्या पोरींना विहिरीत उतरवायला सुरुवात केली. "पोरीच्या जातीले पोहणं कायले लागते?" असं पारावर एकानं विचारलं, तर ही म्हणाली, "पाणी काय पोरगं-पोरगी पाहून बुडवते का, मामाजी?"

ऑलिम्पिकच्या शर्यती ती मोबाइलवर पाहायची. पण तिला पोहण्यापेक्षा जास्त ओढ होती ती जिंकणाऱ्या बायका नंतर धापा टाकत काय बोलतात याची. रविवारी मी माहेरी गेले, की विहिरीच्या पायऱ्यांवर पोरींना बसवून ती फोन माझ्या हातात द्यायची. "मीना, ही काय बोलून राह्यली, सांग बरं." मी इंग्रजीतून मराठीत सांगायची आणि ती मराठीतून वऱ्हाडीत. एक विजेती म्हणाली होती, की शेजारच्या लेनकडं पाहिलं की आपलाच वेग जातो. नलूताई लगेच पोरींना म्हणाली, "आइकलं का? शेजारणीच्या तव्यावर काय हाय ते पाहाल, तं आपली भाकर करपते!" पोरी हसून हसून लोळल्या. पण त्या दिवशी पोहताना एकीनंही शेजारणीकडं मान वळवली नाही.

यंदा तिच्या काही पोरी पहिल्यांदाच जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरणार होत्या. त्या दिवसांत तिला पायऱ्या चढताना दम लागायचा, ती डावा हात चोळत बसायची. "एकदा दाखवून ये," एका रविवारी मी म्हटलं होतं. "स्पर्धा होऊ दे," ती म्हणाली.

त्याच रविवारी तिनं एक मुलाखत लावली. अनेक पदकं मिळवलेली एक पोहणारी बाई खुर्चीत बसून हळूहळू बोलत होती आणि बोलता बोलता रडली. ती सांगत होती, की शरीर आणि मन दोन्ही नको म्हणत असताना आपण पोहत राहिलो. 'आज मला जमणार नाही' हे म्हणायला पदक जिंकण्यापेक्षा जास्त धीर लागला.

"ही काहून रडून राह्यली?" नलूताईनं विचारलं.

पोरी माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. स्पर्धा तोंडावर आलेली. त्यांचा उत्साह जाईल असं वाटलं आणि मी म्हणाले, "आनंदानं रडतेय. म्हणते, काही झालं तरी थांबायचं नाही."

"बरोबर हाय तिचं," नलूताई म्हणाली आणि हात चोळत उठली.

स्पर्धा झाली. एका पोरीला पदक मिळालं. दवाखान्यात जायचं मात्र राहूनच गेलं. खरं सांगितलं असतं तर ती दाखवायला गेली असती का? कुणास ठाऊक. ती हट्टी होती. पण ते वाक्य तिच्यासाठीच होतं, आणि मी ते तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही…

मागच्या रविवारी विहिरीवर गेले. पोरी जमल्या होत्या. त्यांना ती मुलाखत पुन्हा लावून, एकही शब्द न गाळता सांगितली. मग पदकवाली पल्लवी खाली बघत म्हणाली, "मॅडम, आज पाण्यात जावंसंच नाही वाटून राह्यलं." मी म्हटलं, "नको जाऊस." मग कुणीच उतरलं नाही. आम्ही नुसत्याच पायऱ्यांवर बसलो.

निघताना मोटारीच्या पाइपाला अडकवलेला दोर दिसला. नवी पोर पाण्यात उतरली, की एक टोक तिच्या हातात आणि दुसरं स्वतःच्या मुठीत धरून नलूताई काठावर उभी राहायची. पोरींच्या टोकाला तिनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, त्यांचे तळवे सोलवटू नयेत म्हणून. तिचं स्वतःचं टोक मी हातात घेऊन पाहिलं. ते तसंच उघडं होतं, खरखरीत.