बर्फाऐवजी चहा
लाकडाच्या ओल्या भुशाचा वास आला की मला रत्नागिरीच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना आठवतो. ऐंशीच्या दशकात मी तिथे गेटवर बर्फ द्यायला होतो. एकदा ट्रान्सफॉर्मर जळून वीज गेली आणि नेमक्या त्याच वेळी बांगड्याने भरलेल्या होड्या लागल्या. साच्यांतलं पाणी कडेने जेमतेम गोठलेलं, मध्ये नुसतं डुचमळत होतं. भुशात झाकून ठेवलेल्या जुन्या लाद्या पहाटेच संपल्या होत्या. मालकांनी बजावलं होतं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, चहा पाजायचा. म्हणून मी दारातल्या कोळणींना, "येईलच हो वीज," म्हणत चहा देत होतो. त्यांत पालीच्या बाजाराला जाणारी एक म्हातारी होती, रोजची गिऱ्हाईक. तिने कप हातात घेतला आणि बांगड्याच्या टोपलीकडे पाहत विचारलं, "बाला, ही चाय म्हावऱ्याला पाजू?" मी म्हटलं, "मावशी, वीजच नाही, मी तरी काय करू?" "तू काय करशील," ती म्हणाली, "तुझा मान म्हणून पितंय." तिने चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला. तोवर टोपलीवर ऊन आलं होतं, बांगड्यांचे डोळे लाल होऊ लागले होते. ती पदराने त्यांना वारा घालत तिथेच बसून राहिली. परवा बायकोला दवाखान्यात नेलं. ती आत तळमळत होती आणि काउंटरवरची मुलगी, "डॉक्टर येतीलच हं काका," म्हणत माझ्यासाठी चहा घेऊन आली. तिचा मान म्हणून मी तो प्यायलो.