डाळ शिजलेलं पाणी

पन्नाशीला टेकलेल्या माझ्या पोराच्या मी कानाखाली वाजवली. घर बघायला आलेल्या माणसांसमोर. चष्मा उडून अंगणात पडला, एक काच गेली.

बायको गेल्यावर पुंडलिकनगरातलं घर इकायचं ठरलं होतं. पोरगं म्हणालं, आबा, एकटे काय करता इथं, माझ्याकडं चला. मी हो म्हणालो. त्या घरात मला भिंतीवर डोकं आपटावं वाटायचं, आणि एकदा आपटलंबी होतं.

पाचोडकडचं एक जोडपं आलं. बाई पोटुशी. खोल्या पसंत पडल्या, गच्ची पसंत पडली. मग बाईनं पिशवीतून एक बाटली काढली. औरंगपुऱ्यात पाणी तपासून देतात, तिथून आणलेली.

"बाबा, बोरचं पाणी तपासून घेते. मग इसार देऊ."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. त्या पाण्याची तपासणी माझ्या बायकोनं कधीच केली होती. आम्ही प्लॉट बघायला आलो तेव्हा आजूबाजूला नुसतं रान होतं. आधीच्या मालकानं बोर घेऊन ठेवलेलं. मी रस्ता बघत होतो, ही पिशवीतून पातेलं आणि तुरीची डाळ काढून बसली. तिच्या माहेरी नव्या पाण्यात आधी डाळ शिजवायचे. शिजली तर पाणी चांगलं, दाणा टणक राहिला तर पाणी जड. तिनं तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या. वाफेत बोट घालून दाणा चिमटला आणि म्हणाली, "घ्या हो हा प्लॉट. लोणी झालंय नुसतं."

तिच्या त्या शब्दावर घर उभं राहिलं. आणि ही कोण कालची पोरगी बाटली घेऊन आली? मी बाटली हिसकली आणि भिंतीवर हाणली. तिचा नवरा अंगावर आला. "म्हातारं माणूस म्हणून सोडतो तुम्हाला!"

"नको सोडू. ये!" मी म्हणालो.

बाईच मधी पडली. "बाबा, मला शिव्या द्या, पण बाळाला हेच पाणी पाजायचंय मला."

आठवड्यानं ती नवऱ्यासोबत दुसरी बाटली घेऊन परत आली. या बारीला पोरगं पुढं झालं. "द्या, मी भरून आणतो," म्हणून बाटली घेऊन सैपाकघरात गेलं. मी मागून गेलो, तर हे बाटली विकतच्या पाण्याच्या जारच्या नळाखाली धरून उभं. तसंच बखोटीला धरून बाहेर ओढलं आणि वाजवली.

"तुझ्या आईच्या पाण्यात खोट हाय व्हय रे?"

"आबा, घर इकायचंय ना तुम्हाला?" गाल धरून ते म्हणालं.

"इकायचंय. तिच्या पाण्यासकट!"

मग मीच भरली. बाई सांगत गेली तसं केलं. नळाचं तोंड पेटत्या बोळ्यानं शेकलं, पाणी वाहू दिलं, बाटलीच्या आत बोट लागू दिलं नाही. वर तिला म्हणालो, "जा, दाखव तुझ्या शहाण्यांना."

तपासून झाल्यावर ती स्वतः आली. खुर्चीत बसली नाही.

"बाबा, पाण्यात संडासाचं उतरलंय."

"डाळ शिजते त्यात!"

"शिजंल की. पाणी हलकं हाय. पण घाण डाळीला कळत नाय, बाबा."

माझी बायको काविळीनं गेली. डोळे हळदीवाणी, पोट फुगलेलं. डॉक्टरनं विचारलं होतं, आजी, पाणी कुठलं पिता? तर पडल्या पडल्या अभिमानानं म्हणाली, "घरचं बोर हाय. डाळ लोण्यावाणी शिजते." दवाखान्यातलं पाणी तिला उतरायचं नाही. घरचं आणा म्हणायची. मी रोज बाटली भरून न्यायचो. शेवटी शेवटी चमच्यानं पाजलं.

मी पहार उचलली. शेजाऱ्याचा संडासाचा शोषखड्डा आमच्या भिंतीला लागून, बोरपासून चार पावलांवर. घर त्यानं आमच्या नंतर बांधलं. फाटक लाथेनं उघडलं आणि खड्ड्याच्या फरशीवर पहार घातली. दुसऱ्या घावाला फरशी फुटली. वास आला. शेजारी बनियनवर पळत आला. मी पहार फिरवली, ती त्याच्या खांद्याला घासून गेली. त्यानं मला छातीवर ढकललं. मी फुटक्या फरशीवर तोंडघशी पडलो, पुढचा दात तुटला.

"मारून टाकतो तुला," मी रक्त थुंकत म्हणालो. "माझी बायको मारली तू."

"काका, माझी मायबी त्याच पाण्यावर हाय," तो धापा टाकत म्हणाला. "सगळ्या गल्लीचे खड्डे हायत. खालून समदं एकच झालंय. कोनाकोनाचे फोडता?"

माझ्या हातातनं पहार गळाली.

पोरगं मला घरी घेऊन आलं. मी तोंडबी धुतलं नाही. बोर चालू केलं, तिचं तेच पातेलं भरलं, डाळ टाकली आणि गॅसवर ठेवली. पोरगं म्हणालं, "आबा, हे काय चालवलंय?" मी आच वाढवली. डाळ शिजली. चिमटीत धरली तर लोणी. तेव्हाबी शिजली होती, आताबी शिजली. तिनं बघितलं ते बरोबरच बघितलं होतं. नंतर खालून काय येऊन मिळालं, ते तिला कुणी दाखवावं?

पातेलं उचलून मी अंगणात भिरकावलं. बोरचा पाइप घणानं तोडला. मोटार आतच राहू दिली आणि वरून दगड टाकायला लागलो. एकेक दगड खालवर आपटत जायचा, मग डुबुक वाजायचं. फुटक्या चष्म्यातलं पोरगं आधी नुसतं बघत राहिलं, मग त्यानंबी दगड उचलला. डुबुक वाजायचं थांबेपर्यंत आम्ही दोघं टाकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती बाई नवऱ्याला घेऊन आली. बुजवलेलं बोर बघितलं, अंगणात वाळलेली डाळ बघितली.

"आता या घराला पाणी नाय," मी म्हणालो. "घ्यायचं तर तसंच घ्या."

"टाकी बांधू, बाबा, टँकर मागवू," ती म्हणाली. खाली बसायला तिला जड जात होतं, तरी वाकून तिनं चेपलेलं पातेलं उचललं आणि माझ्या हातात दिलं.