उणे वीस अंशांतला धर्मपंडित

खालच्या मजल्यावरचे पास्टर आजोबा आमच्याकडे एरवी मोजे घालून, चपलांशिवाय यायचे. पार्सल द्यायला, नाहीतर आमचा कचऱ्याचा डबा चुकीच्या वारी बाहेर ठेवला गेलाय हे सांगायला. त्या शनिवारी मात्र ते बूट, कोट आणि टाय घालून आले. हातात पत्र होतं. दारात उभं राहून त्यांनी ते मला दिलं आणि मी वाचेपर्यंत तिथेच थांबले. पत्रात त्यांनी, म्हणजे आमच्या पायाखाली राहणाऱ्या माणसाने, टपालाच्या पत्त्यासकट मला विनंती केली होती, की आमच्या केलरमधला, म्हणजे तळघरातला, डीप फ्रीजर चर्चला चौदा दिवस वापरायला मिळावा.

"कशासाठी?" मी विचारलं.

"एका धर्मपंडितासाठी," ते म्हणाले.

मी त्यांना आत बोलावलं. सासूबाई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे जर्मनीला आल्या होत्या. त्यांनी चहा टाकला.

आजोबांनी सांगितलेली हकीकत अशी. गेर्लिंगेनच्या अलीकडे, आमच्या गावातल्या जुन्या चर्चमध्ये, वरच्या खोलीत पुस्तकांचं एक कपाट आहे. निवृत्त झाल्यापासून ते आजोबाच सांभाळतात. त्यात सोळाव्या शतकात छापलेली तीन पातळ पुस्तकं आहेत. लिहिणारा लुथरपंथी विद्वान पुढे फार मोठा झाला, जाडजूड ग्रंथ लिहिले, ते सगळ्या विद्यापीठांत आहेत. पण ही तीन त्याच्या तरुणपणची, आणि आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे पुढे त्यालाच त्यांची लाज वाटायला लागली होती. पहिल्यात लाकूड-दगडाच्या मूर्तींपुढे दिवे लावणाऱ्यांना झोडपलं होतं. दुसऱ्यात एक लॅटिन वाद होता: खलाशाला माशाने खाल्लं, तो मासा दुसऱ्या माणसाने खाल्ला, तर शेवटच्या दिवशी खलाशी कुठल्या देहाने उठणार? तिसरं होतं प्रवचनात झोपणाऱ्यांविरुद्ध, आणि ते सर्वांत लांबलचक होतं.

"तुम्ही वाचलंय?" मी विचारलं.

"तीनदा सुरू केलं," आजोबा प्रामाणिकपणे म्हणाले. "दर वेळी डुलकी लागली."

आता एका मोठ्या संग्रहालयाला ही पुस्तकं प्रदर्शनासाठी हवी होती. त्यांच्या तज्ज्ञ बाई बघायला आल्या आणि त्यांना बांधणीत जिवंत अळ्या सापडल्या. उपाय एकच, पुस्तकं पिशवीत हवाबंद करून सलग चौदा दिवस उणे अठराच्या खाली ठेवायची. चर्चच्या स्वयंपाकघरात फ्रीजर होता, पण तो महिला मंडळाचा. केकशेजारी अळ्या ठेवायला त्या तयार नव्हत्या. आजोबांच्या घरच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा एक ट्रे मावायचा. आणि आमचा केलरमधला तो पेटीसारखा फ्रीजर गावात प्रसिद्ध होता, कारण गणपतीत मराठी मंडळाचे सगळे मोदक त्यात असायचे.

मी हो म्हणून बसले. त्यानंतर संग्रहालयाचा करार आला.

करार पाच पानांचा होता. फ्रीजरमध्ये खाद्यपदार्थ असू नयेत. दिवसातून तीनदा तापमान लिहून ठेवावं. आणि संपूर्ण काळ घरात एक जबाबदार व्यक्ती असावी, जिचं नाव करारात लिहिलं जाईल. मी ब्योब्लिंगेनला ऑफिसला जाते, नवराही दिवसभर बाहेर. घरात असतात त्या सासूबाई.

आजोबा संकोचून म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना अशा कामाचा काही अनुभव?"

मी सासूबाईंना मराठीत विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"त्यांना सांग, एकतीस वर्षं तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला होते. मोडीचे कागद, जमिनीचे नकाशे, सगळं माझ्या ताब्यात. वाळवी लागली, कसर लागली, एकदा छप्पर गळलं. एक कागद गेला नाही."

मी भाषांतर केलं. आजोबा उठून उभे राहिले आणि त्यांनी सासूबाईंशी हात मिळवला. सासूबाईंनीही मिळवला, कधी नव्हे तो.

"बुवा चांगले आहेत," त्या नंतर म्हणाल्या. "पण कपाटाची हेळसांड झालीय. अळ्या एका दिवसात होत नाहीत."

फ्रीजर रिकामा करायचा म्हणजे आमचं खवलेलं खोबरं, अळूवड्यांचे उंडे, पुरण, मटार असं सगळं हलवायचं. ते कुठे ठेवणार? आजोबांनी महिला मंडळाशी बोलणी केली. धर्मपंडिताला नकार देणाऱ्या त्या बायकांनी अळूवड्यांना होकार दिला. फक्त प्रत्येक डब्यावर जर्मनमध्ये चिठ्ठी हवी होती. मी लिहीत बसले: "पान, गुंडाळलेलं, तिखट."

पुस्तकं आली ती तज्ज्ञ बाईंच्या गाडीतून, प्लास्टिकच्या जाड पिशव्यांत. सासूबाईंनी बाहेरून त्यांच्यावर आपलं लाल सुती कापड गुंडाळलं आणि गाठ मारली. बाईंनी विचारलं, हे कशाला? सासूबाई म्हणाल्या, रुमालात नसलेलं दप्तर दप्तर नसतं. मी ते कसंबसं जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी कापडाचा कोपरा चिमटीत धरून पाहिला, रंग जातो का विचारलं, आणि "गेनाऊ", म्हणजे बरोबर, म्हणून झाकण लावलं.

नोंदवही सासूबाईंनी स्वतः आखली. पहिल्या पानावर वर "श्री", खाली तारीख, वेळ, अंश, शेरा आणि सही असे रकाने. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सात. त्या शाल पांघरून केलरमध्ये उतरायच्या आणि वर येऊन मोठ्याने सांगायच्या, "उणे एकोणीस." आजोबा रोज दुपारी दोनला खाली हजर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दोघंही फ्रीजरसमोर दोन खुर्च्या टाकून बसायचे, काटा बघायचे, आणि आजोबा त्यांना बिस्किट द्यायचे.

मधेच दसरा आला. मी ऑफिसमधून लवकर येऊन खाली गेले, तर फ्रीजरच्या झाकणावर खडूने सरस्वती काढलेली, झेंडूची दोन फुलं, समई, आणि आजोबा गोंधळून उभे.

"यांना सांग, आज पुस्तकांची पूजा असते," सासूबाई म्हणाल्या. "घरात तीन पुस्तकं पाहुणी असताना मी आपली दिनदर्शिका पुजू का?"

मी सांगितलं. आजोबांनी वाकून ज्योतीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आत जे पहिलं पुस्तक आहे ना, ते नेमकं याच्याविरुद्धच आहे. लाकूड आणि दगडापुढे दिवा लावणं."

मी हे सासूबाईंना सांगावं की नाही या विचारात होते. पण त्यांना चेहऱ्यावरून कळतं, म्हणून सांगितलं.

"लाकूड कुठाय? दगड कुठाय?" त्या म्हणाल्या. "फ्रीजर आहे."

भाषांतर ऐकून आजोबांनी डोळे मिटले. ते खरोखर विचार करत होते. चाळीस वर्षं प्रवचनं केलेला माणूस. "आल्झो, तर मग," ते शेवटी म्हणाले, "फ्रीजरबद्दल त्याने काहीच लिहिलेलं नाही."

सासूबाईंनी त्यांना सोनं दिलं. आपटा मिळेना म्हणून त्यांनी रस्त्यावरच्या गिंकोच्या झाडाखालची पिवळी पानं वेचून आणली होती, तीही आपट्यासारखी मधे दुभंगलेलीच. आजोबांनी ते पान कोटाच्या वरच्या खिशात ठेवलं.

नवव्या दिवशी घोटाळा झाला. नवऱ्याचे मित्र येणार होते. त्याने बिअरच्या बाटल्या आणल्या आणि "अर्ध्या तासाने काय होतंय" म्हणून फ्रीजरमध्ये टाकल्या. सात वाजता सासूबाई खाली जाऊन वर आल्या. सरळ टेबलाशी बसून वही उघडली.

"आई, नको लिहूस," नवरा म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"रेकॉर्ड आहे ते."

"तासाभरात परत खाली येईल तापमान."

"तुझ्या वडिलांनी सांगितलं असतं तरी लिहिलं असतं."

आणि त्यांनी लिहिलं: "उणे अकरा. कारण: मुलगा. बिअर." खाली सही.

मला संग्रहालयाला फोन करावाच लागला. तज्ज्ञ बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, सलग चौदा दिवस म्हणजे सलग. पुन्हा एकपासून मोजा.

आता अडचण अशी, की पुन्हा एकपासून मोजलं तर शेवटचा दिवस यायच्या पाच दिवस आधी सासूबाईंचा व्हिसा संपत होता. मी म्हटलं, मी रजा काढते, मी बसते घरी. पण करारात जबाबदार व्यक्ती म्हणून सासूबाईंचंच नाव होतं. नाव बदलायचं तर नवा करार, नव्या कराराला संग्रहालयाच्या समितीची मंजुरी, आणि समितीची पुढची बैठक प्रदर्शन सुरू झाल्यावर. मी फोनवर विचारलं, मग काय करायचं? बाई म्हणाल्या, करार पाळायचा.

म्हणून आम्ही तिघं परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेलो. सासूबाई, मी आणि टाय घातलेले पास्टर आजोबा. व्हिसा वाढवायचं कारण म्हणून फॉर्मवर जे पर्याय होते त्यांत फ्रीजर नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा पर्याय होता, "काळजीची गरज असलेल्या व्यक्तीची देखभाल". आजोबांनी त्यावर खूण केली. खालच्या रकान्यात त्या व्यक्तीचं नाव विचारलं होतं. त्यांनी धर्मपंडिताचं पूर्ण नाव लिहिलं. वयाच्या जागी लिहिलं, "सुमारे पाचशे".

"आजोबा," मी म्हटलं, "हे चालणार नाही."

"खोटं काही नाही त्यात," ते म्हणाले.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. मग चष्म्यावरून आजोबांकडे पाहिलं.

"ही व्यक्ती अंथरुणाला खिळलेली आहे का?"

"हो, आडवी आहे," आजोबा म्हणाले.

"आणि या बाईंशिवाय दुसरं कोणी देखभाल करू शकत नाही?"

आजोबांनी करार पुढे केला. सासूबाईंनी न विचारता पिशवीतून नोंदवही काढून काउंटरवर ठेवली. बाईंनी पानं उलटली. तिन्ही वेळच्या नोंदी, सरळ ओळी, प्रत्येकीखाली सही. त्यांना त्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं. पण रकाने कळले असावेत. त्या आत गेल्या, कोणाशी तरी बोलल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "आठ दिवस." मग सासूबाईंकडे वळून, हळू आवाजात, "आखणी तुम्ही हाताने करता?"

मी विचारून सांगितलं, की हो, पट्टीने.

बाईंनी मान डोलावली आणि शिक्का मारला.

परतीच्या ट्रॅममध्ये सासूबाई एकदम म्हणाल्या, "आमच्या ऑफिसात अशी एक बाई हवी होती." एकतीस वर्षांत त्यांच्या वहीचं कोणी कौतुक केलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्या रेकॉर्ड रूमबद्दल बोलत राहिल्या. छप्पर गळलं त्या दिवशी त्यांनी आणि शिपायाने मिळून ओले नकाशे दोऱ्यांवर वाळत घातले होते, आणि साहेबांनी येऊन विचारलं होतं, ही धुणी कोणाची. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

पुढचे दिवस सुरळीत गेले. नवऱ्याला केलरची किल्ली मिळत नव्हती. शेवटच्या दिवशी तज्ज्ञ बाई हातमोजे घालून आल्या, पिशव्या तपासल्या, आणि दोन दिवसांनी फोन करून सांगितलं की अळ्या मेल्या आहेत. फोन आला तेव्हा आजोबा केलरमध्ये रिकाम्या फ्रीजरपाशी उभे होते. त्यांनी टोपी काढली. अळ्यांसाठी की पुस्तकांसाठी, ते मी विचारलं नाही.

बाईंनी एक गोष्ट मात्र आधीच नेली होती, ती नोंदवही. उपचाराची नोंद ही आता पुस्तकांच्या कागदपत्रांचा भाग आहे, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं सासूबाई नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "द्यायला हरकत नाही. पोच हवी." बाईंनी पोच लिहून दिली. शिक्क्यासकट. ती पोच सासूबाईंनी पासपोर्टात ठेवली आणि तिसऱ्या दिवशी सांगलीला नेली.

प्रदर्शन उघडलं तेव्हा मी आणि आजोबा गेलो. काचेच्या पेटीत तीन पुस्तकं होती, तपकिरी, लहान, कोणीही दुसऱ्यांदा बघू नये अशी. शेजारच्या छोट्या पेटीत सासूबाईंची वही उघडी ठेवली होती, पाटीवर "शीतोपचाराची नोंद, कागद, बॉलपेन, मराठी". गर्दी त्या पेटीपाशी होती. एक वयस्क बाई आपल्या नवऱ्याला सांगत होत्या, किती तल्लीन होऊन लिहिलंय बघ, प्रार्थना असणार.

"काय लिहिलंय त्या पानावर?" आजोबांनी मला विचारलं.

मी सांगितलं, बिअर.

ते इतके हसले की पहारेकरी जवळ आला. मग त्यांनी मला सासूबाईंना फोन लावायला लावलं. सांगलीला दुपार होती. मी पेटी दाखवली. सासूबाईंनी निरखून पाहिलं आणि त्या चिडल्याच.

"नववा दिवस कशाला उघडून ठेवलाय? बाकी सगळे दिवस चांगले होते की!"

आजोबांनी विचारलं, त्या काय म्हणाल्या. मी सांगितलं. ते म्हणाले, त्यांना सांगा, तरुणपणची ही पुस्तकं मांडलेली पाहून या पंडितालाही असंच वाटत असणार. हे मी मराठीत कसं सांगायचं याचा विचार करत होते, तोवर सासूबाईंनी विचारलं, "बुवांनी टोपी का नाही घातली? थंडी आहे ना तिकडे?"

मी ते आजोबांना सांगितलं. त्यांनी खिशातून टोपी काढून घातली आणि फोनसमोर चेहरा आणून दाखवली.