औंदा जातंय का चंद्रावर?

मला बघायला येणारा मुलगा चंद्राचं काम करतो, असं मध्यस्थ काकांनी सांगितलं आणि आमची अव्वा मटकन खालीच बसली.

"म्हणजे पोरगी तितं राहणार?"

"तितं कुटलं वहिनी, बंगळूरला! सरकारी हापिसात बसून पुढचं ठरवतात ते. आधी चंद्र, मग मंगळ."

देशाचा पहिला उपग्रह वर जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि सोलापुरात चंद्राचं बोलणं म्हणजे लई झालं. पण अप्पांनी 'पुढचं' एवढंच धरलं. त्यांचं सुताचं दुकान, आणि वर्षाची खरेदी जत्रेतल्या भाकणुकीवर. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढं धान्य, गूळ ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, कशाला बुजतं, त्यावरून पावसाचं आणि भावाचं सांगतात. अप्पांना वाटलं, हा मुलगा सरकारी भाकणूकवालाच!

जत्रा उरकली आणि पाहुणे आले. शेंगापोळीचं ताट पुढं सरकवत अप्पांनी विचारलं, "औंदा सुताचा भाव काय राहील?"

"ते मला नाही सांगता यायचं."

"बरं, पाऊस?"

"तेही नाही."

"मग तुमाला कळतंय तरी काय?"

दाराआड मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र शांतपणे म्हणाला, "चंद्रावर यान पाठवायचं तर आधी काय काय शिकावं लागेल, ते आम्ही आखतो. रॉकेट केवढं हवं, वजन किती नेता येईल, इतक्या लांबून यानाशी बोलायचं कसं."

"आणि जाणार कधी?"

"पंचवीस-तीस वर्षं लागतील. कदाचित जाणारही नाही."

"मग आमचं वासरू बरं की! वर्षाचं तरी सांगतंय."

सगळे हसले, आणि सगळ्यांत जास्त तोच. इतका की पोळीचा घास अडकून ठसका लागला. पाणी घेऊन मीच धावले. तिथंच तो मला आवडला. सरळ सांगते, लाजायचं वय गेलं आता.

पाहुणे काकांकडे जेवायला गेल्यावर अप्पा म्हणाले, "नको. होईल का न्हाय याची त्यालाच खात्री न्हाय, असल्या कामावर पोरगी द्यायची?"

अप्पांना उलट बोलायची माझी टाप नव्हती. पण त्या दिवशी तांब्या आपटलाच मी. "लग्न करीन तर याच्याशीच. नाहीतर मला पुढं शिकायला पाठवा!" अव्वानं तोंडाला पदर लावला. पाहुण्यांना गाडीत बसवून द्यायची आमच्याकडे रीत, म्हणून अप्पा शेंगाचटणीचा पुडा घेऊन स्टेशनावर गेले.

परत आले ते टोपी काढून ओट्यावर बसले. मी आतूनच कान देऊन होते.

"इचारलं त्याला," ते अव्वाला म्हणाले, "पाऊस बरा हाय म्हणाला असतास तर तुझं काय गेलं असतं? मी तितंच व्हय म्हणालो असतो."

"मग?"

"म्हणतो, पावसाचं मला ठाऊकच नव्हतं की, मामा." अप्पांनी मान हलवली. "खोटं बोलायची अक्कलच न्हाय त्याला. देऊन टाकू पोरगी."

लग्नानंतर दर जत्रेला आम्ही सोलापूरला यायचो. भाकणूक ऐकून आले की अप्पा ओट्यावर जावयाशेजारी बसायचे आणि विचारायचे, "औंदा जातंय का चंद्रावर?"

"नाही, मामा."

"बरं," म्हणून अप्पा चहा मागवायचे. जावयाची थट्टा करायचा त्यांना हक्कच होता, पण दुसऱ्या कुणी केली की खवळायचे.

यान गेलं तोवर हे निवृत्त झाले होते, आणि अप्पा जाऊन बरीच वर्षं लोटली होती. पुढच्या जत्रेला आम्ही आलो. भाकणूक झाली, लोक पावसापाण्याचं बोलत पांगले. हे ओट्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसले, शेजारची जागा सोडून. मी चहा घेऊन बाहेर आले, तर त्या मोकळ्या जागेकडे बघून हळूच म्हणत होते, "गेलं, मामा."