ब्लँकेटचं दुसरं टोक

"आजी, जरा हसा की, नवं कोरं ब्लँकेट मिळतंय!" जव्हारच्या आमच्या सेवा क्लबचे अध्यक्ष म्हणाले. फोटो निघेपर्यंत ब्लँकेटचं एक टोक ते स्वतःच्या मुठीतून सोडत नाहीत, हे मी दर हिवाळ्यात पाहते. बाबांचे मित्र, म्हणून गप्प राहते.

त्या दिवशी दाभोसा गावात फोटोतला क्लबचा बॅनर सुरकुतलेला दिसला, तसं पुन्हा फोटो काढायला त्यांनी आजींच्या हातातलं ब्लँकेट परत घेतलं. नाक्यावर शेवटची जीप हॉर्न देत होती. ती चुकली तर आजींना पाड्यापर्यंत डोंगर चढत जावं लागणार होतं.

"जीप चालली रं माझी," आजी म्हणाल्या. "राहू दे तुझा ब्लँकेट."

"दोन मिनिटं, आजी! सेवाच करतोय ना आम्ही?"

शेवटी मी बोलले, "काका, ब्लँकेट सोडा. फोटोत गरीब म्हणून मी उभी राहते."