घुगरी काढली नाही म्हणून

"तुमची बाई गरीब दिसते हो. सकाळपासून बसली आहे, हूं नाही की चूं नाही. महिन्याचं काय घेते?"

शाळेच्या गेटजवळ एका पर्सवाल्या बाईने माझ्या नवऱ्याला विचारलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ती बाई म्हणजे मी.

नवरा हसला. म्हणाला, "घरचीच हाय. राहून-खाऊन असते."

मला काहीच वाटलं नाही. खरं सांगते. राग आला नाही, रडूही नाही. बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या, तेवढ्याच कळत होत्या.

कापसाने मार खाल्लेली वर्षं होती ती. फुलसावंगीकडे आमचा तांडा. दिरांचा कापूस भाव नाही म्हणून घरातच पडून असायचा, त्यावर पोरं झोपायची. नवरा एसटीत कंडक्टर, म्हणून आम्ही यवतमाळला खोली करून राहत होतो. राळेगावच्या गाडीत तो दिवसभर एकच ऐकायचा. शेतीचं काही खरं नाही, पोरांना इंग्रजीत टाका. संध्याकाळी घरी येऊन तेच मला ऐकवायचा.

आमच्या गल्लीत बायका भाजी कोणती केली हे नंतर विचारायच्या. आधी शाळा कोणती? एकीने तर फॉर्म कधी मिळतात ते शेजारणीला मुद्दाम उशिरा सांगितलं. दोघींचं बोलणं बंद झालं ते झालंच. फॉर्म उशिरा मिळालेली ती शेजारीण आमच्या समोरच राहायची.

घरमालकीण काकू मात्र आमच्यावर मेहेरबान होती. तिचा नवरा कलेक्टर ऑफिसात बाबू. आम्हाला पोरीला घालायचं होतं त्याच इंग्रजी शाळेत तिचा मुलगा, सातवीत. तिने माझ्या पोरीकडून रंग, फळं, प्राणी सगळं इंग्रजीत पाठ करून घेतलं. पोरगी हुशार, चटकन उचलायची. मुलाखत आईबापांचीही होती. मग काकूची नजर माझ्यावर आली.

"साडी माझी नेस. पण ते केसात लोंबतंय ना, ते काढ बाई. एका दिवसापुरतं. तांड्याची आहेस हे कपाळावर लिहून कशाला जायचं?"

ती घुगरी. कानाशेजारी केसांत गुंफलेली, चांदीची. आमच्यात ती लग्नात घालतात आणि नवरा मेला की उतरवतात. मधे कधी नाही.

मी काकूच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघितलं. म्हटलं, "काकू, तुमी काढसान काय ते?"

"काहीतरीच काय बोलतेस! माझं वेगळं आहे."

नवरा तिथंच बसून चहा पीत होता. म्हणाला, "काढ ना वं. एका दिवसानं का मी मरून राह्यलो?"

मी काढली नाही. मग त्या दोघांनी मिळून ठरवलं. आई गावाला आहे, आजारी आहे असं सांगायचं. आत नवऱ्यासोबत काकू जाईल, मावशी म्हणून. पण पोरगी मला सोडून कुठे राहायची नाही, म्हणून मी गेटपर्यंत यायचं. कोणी विचारलं तर कामाची बाई. पोरीला बजावलं, आज याडी म्हणायचं नाही. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

गेटवरच्या चौकीदाराने मला बघितलं आणि हात केला. "बाया तिकडं."

कडुलिंबाखाली कामवाल्या बाया बसल्या होत्या, लोकांच्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. मीही बसले. शेजारची राजूरकडची होती. तिने विचारलं, "कोणाच्या घरी हायस वं?"

"एसटीवाल्याच्या."

तिने आत जाणाऱ्या माझ्या पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पोरगी तुह्यावर गेली वं," म्हणाली. थोडं सरकून मला सावलीत जागा दिली.

पोरगी बाहेर आली. मला बघून तिचं तोंड उघडलं. मग मिटलं. तिने काकूचं बोट धरलं आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली. पाच वर्षांची पोर. सांगितलेलं सगळं तिने बरोबर केलं होतं. तेवढ्यात त्या पर्सवाल्या बाईने माझा पगार विचारला.

त्याच संध्याकाळी पोरीचा नंबर लागला. नवऱ्याने गल्लीभर पेढे वाटले. काकू म्हणाली, "बघ, तुझा एवढा हट्ट असूनही काम झालं." मी मान हलवली. रोजच्यासारखी भाकर केली.

जेवताना पोरीने तुकडा हातातच धरून ठेवला. मला विचारलं, "आता म्हणू का?"

"काय?"

"याडी."

परवानगी मागत होती. तेव्हा मला लागलं. गेटवर जे लागायला हवं होतं ते घरात, ताटासमोर लागलं. मी तिला म्हटलं, म्हण. ती हळूच म्हणाली, दाराकडे बघून. माझी पोर मला आई म्हणताना दाराकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी नवरा ड्यूटीवर गेल्यावर मी पेटीतून फेटिया-काचळी काढली. आरशांचा घागरा, आरशांची चोळी. लग्नातली. घुगरी होतीच. पोरीला कडेवर घेतलं आणि शाळेत गेले. चौकीदार म्हणाला, बाया तिकडं. मी थांबले नाही.

मोठ्या बाईंच्या खोलीत उभ्याउभ्याच सांगितलं, "मी हिची माय. मी बिमार नव्हती. काल मी बाहेर बसली होती, कामवाल्या बायांत."

"मग खोटं का सांगितलं?"

"ज्यानं सांगितलं त्याले इचारा. मी तं तोंडच उघडलं नव्हतं."

त्यांनी उठून दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "खोट्या माहितीवर घेतलेला प्रवेश आम्ही ठेवत नाही. सीट जाईल. तुम्ही आत्ता घरी गेलात, तर मी काही ऐकलं नाही असं समजेन."

पोरगी माझ्या घुगरीशी खेळत होती.

मी म्हटलं, "ऐकलं असं समजा."

सीट गेली. ती समोरच्या शेजारणीच्या पोराला मिळाली. तिचे पेढे आमच्याकडेही आले. मी खाल्ला. गोड होता. काकूने खोली सोडायला सांगितली. नवरा पूर्ण उन्हाळा माझ्याशी बोलला नाही. तांड्यातही म्हणाले, बाईने पोरीचं वाटोळं केलं. पोरगी नगरपरिषदेच्या शाळेत गेली.

तिचं इंग्रजी आजही कच्चं आहे. काकूचा मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर आहे. मी हे लपवत नाही. मागच्या वर्षी पोरीने मला तोंडावर विचारलं, "तू चूप बसली असती तं काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, "काही नाही. तू इंग्रजी बोलली असती. अन् गेटवर मले पाहून तोंड फिरवलं असतं."

तिचा राग गेलाय असं मी म्हणणार नाही.

उद्या तिचं कॉलेजचं ॲडमिशन आहे. पालकाने सोबत यायचं आहे. मी घुगरी न काढता, केसांतच चिंच लावून घासली, फेटिया उन्हात टाकला. नवऱ्याने ते बघितलं. म्हणाला, "मीच जातो ना. तू कायले येतं?"

मी म्हटलं, "पालक मी हाय. तुमी पाह्यजे तं गेटवर बसा."